रंग किती ठेवायचा

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास त्याच्या हातून चुकीची कळ दाबली गेली आणि तासभर खपून उतरवलेले सगळे रंग फोटोत एकदम परत आले. असं होतं कधी कधी. घाईत करंगळी भलतीकडे जाते, केलेलं काम पुसलं जातं, माणूस स्वतःवरच चरफडतो आणि पुन्हा पहिल्यापासून करायला घेतो. तोही चरफडला. जाहिरातींचे लालभडक फलक, कठड्यावरची निळी पट्टी, कुणाची पोपटी टोपी, सगळी एकदम बोलायला लागली. या कलकलाटात मधोमध, दोन पुरुष उंचीवर, सायकल तिरकी करून हवेत थांबलेली मुलगी, म्हणजे त्याची पुतणी, घरात जिला सगळे भिंगरी म्हणतात ती, जवळजवळ दिसेनाशी झाली. त्याने रंगांच्या पट्टीवरची खूण पुन्हा डावीकडे ओढायला घेतली, आणि तेवढ्यात त्याला कठड्यामागच्या गर्दीत एक स्वेटर दिसला. विटकरी रंगाचा, कोपरावर विरलेला. गर्दी साठेक माणसांची असेल. सगळ्यांची तोंडं वर, काहींची उघडी, हातांत फोन. आणि त्या साठ चेहऱ्यांमध्ये एकच पाठ. ती पाठ ओळखायला त्याला वेळ लागला नाही. लहानपणी एका अंथरुणात त्या पाठीला पाठ लावून तो दहा वर्षं झोपला होता. डावा खांदा जरासा खाली, कारण सगळा भार उजव्या पायावर. तो त्याचा धाकटा भाऊ होता. मुलगी हवेत असताना तिचा बाप तिच्याकडे पाठ करून उभा होता.

त्याने खूण डावीकडे नेली. विटकरी रंग मळकट झाला, मग राखाडी, आणि भाऊ गर्दीत विरघळला. उजवीकडे आणली, भाऊ परत आला. काल संध्याकाळपासून त्याने हा फोटो वीस वेळा तरी पाहिला असेल. पण दर वेळी आधी रंग उतरवायचे आणि मग पाहायचं, ही त्याची सवय. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा तिचं राखाडी रूपच त्याला आधी सुचायचं. आणि काल सायकलउड्यांची स्पर्धा संपल्यावर भाऊ लंगडत त्याच्याजवळ आला होता, खुशीत होता, म्हणाला होता की पाहिलंस ना दादा कशी गेली, पुढचं चाक जरासुद्धा हललं नाही. चाकाचं वर्णन अगदी बरोबर होतं. म्हणून तर त्याने आता ती पाठ मोठी करून पुन्हा पाहिली. न बघता कुणी असं वर्णन करतो, म्हणजे ते करण्याची त्याला सवय असली पाहिजे.

रंग उतरवणं हे त्याचं वैशिष्ट्य होतं. खेळांच्या त्या मासिकात गेली एकोणीस वर्षं त्याचे फोटो नाव न वाचता ओळखू यायचे: पोलादी, थंड, पावसाळी दुपारच्या उजेडातले वाटावेत असे. नव्याने लागलेल्यांना तो समजावून सांगायचा की वेगाने चाललेल्या अंगाची रेघ आधी दिसली पाहिजे. रंग हा पाहुणा आहे, त्याला बसायला सांगा, घर त्याच्या ताब्यात देऊ नका. हे खोटं नव्हतं. फलकांचा लाल रंग खेळाडूच्या चेहऱ्याशी भांडतो, हे कुणालाही दिसतं. फुटबॉल, पोहणं, कुस्ती, सगळीकडे त्याने हेच केलं होतं आणि लोकांना आवडलं होतं. पण आता त्याने फोटो मोठा करून भिंगरीच्या चेहऱ्यावर आणला, आणि रंग होते तसेच ठेवून तो चेहरा पाहिला. तिचे ओठ पांढरे पडले होते. नाकाच्या दोन्ही बाजूंचं रक्त उतरलं होतं, डोळ्यांखालची कातडी मेणासारखी झाली होती. राखाडी फोटोत हीच मुलगी देवळातल्या मूर्तीसारखी शांत होती, एकाग्र होती, तिला भीती म्हणून ठाऊक नव्हती. रंग आणले की ती सोळा वर्षांची होती आणि घाबरली होती. आणि तिची नजर उतरणीकडे, जिथे चाकं टेकायची तिथे नव्हती. ती खाली, कठड्याकडे, विटकरी स्वेटरकडे बघत होती.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याने काढलेला धाकट्याचा फोटो पाण्याच्या यंत्राच्या आणि जिन्याच्या मध्ये, कार्यालयाच्या बोळात टांगलेला होता. खाली छोटी पट्टी: ‘उड्डाण’. त्याच फोटोमुळे त्याला इथे नोकरी लागली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि धाकटा बावीसचा. धाकट्याने मित्रांबरोबर बंद पडलेल्या गोदामामागे लाकडी फळ्यांचा चढ बांधला होता; सगळी दुपार तो सायकलने वर जायचा, खाली यायचा, आणि हा गुडघ्यावर बसून फोटो काढायचा. एकही मनासारखा येत नव्हता. धाकटा दर वेळी उतरणीकडे बघायचा, म्हणजे बघायचं तिकडेच बघायचा, आणि त्यामुळे चेहरा सावलीत जायचा. उजेड उतरायला आला होता. शेवटची एक, धाकटा म्हणाला होता. आणि तो हवेत सगळ्यात वर पोचला तेव्हा याने हाक मारली. इकडे बघ. एवढंच. मुद्दाम ठरवून नव्हे, लग्नात फोटो काढणारा मारतो तशी. धाकट्याने बघितलं. चेहऱ्यावर पूर्ण उजेड पडला. बोट कळीवरच होतं. एकामागून एक सात फोटो निघाले. तिसऱ्यात तो उडत होता. चौथ्यापासून पडत होता, पण चौथ्यात ते अजून कळत नव्हतं, आणि चौथाच सर्वांत देखणा होता. सातवा निघाल्यावर त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि मग धावला. आधी ठेवला, मग धावला. हा क्रम त्याने कुणाला सांगितला नव्हता. दवाखान्यात आईने विचारलं होतं, तू कुठे होतास, आणि तो म्हणाला होता, तिथेच. धाकट्याच्या खुब्याच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते. पंधरा दिवसांनी त्याने पहिल्यांदा तो चौथा फोटो उघडला तेव्हा धाकट्याचा चेहरा रंगात पाहवेना. मग त्याने रंग उतरवले. जसजसे उतरले तसतसा चेहरा निवत गेला, आणि शेवटी तो एका अशा तरुणाचा झाला ज्याला काहीच होणार नाही. त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आपल्याला एक शैली सापडली.

अकराच्या सुमारास फोटो विभागाच्या बाई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बाई निवृत्तीला आल्या होत्या, चष्मा डोक्यावर सारून तोच शोधत फिरायच्या, आणि फोटोच्या बाबतीत त्यांची नजर कधी चुकायची नाही. त्यांना मुलगी आवडली. मुखपृष्ठावर हीच, त्या म्हणाल्या, पण हे असं काय, जत्रा भरल्यासारखं. नेहमीसारखे रंग खाली आणा आणि चारपर्यंत द्या, छापखान्याला साडेचारला जायचंय. तो म्हणाला की या वेळी रंग ठेवावेत असं वाटतंय. बाईंनी वाकून पाहिलं. मग त्यांनी अगदी समजुतीने सांगितलं की फलकाचा लाल तिच्या हेल्मेटला खातोय, आणि शिवाय पोरगी भेदरलेली दिसते, कशाला बिचारीला तसं छापायचं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हीच तर अडचण होती. बाई गेल्यावर त्याने एक तिसरी वाट काढून पाहिली. सगळे रंग ठेवून एकच उतरवता येतो. विटकरी तेवढा निवडायचा आणि खाली आणायचा, तीन सेकंदांचं काम. त्याने ते केलं. आता चित्रात लाल होता, निळा होता, पोपटी टोपी होती, मुलीचे पांढरे ओठ होते, आणि फक्त भाऊ नव्हता. कुणी बघत नाही ना म्हणून त्याने मागे वळून पाहिलं, ड्रॉवरमधून दुसऱ्याची वस्तू काढताना बघावं तसं. त्याने विटकरी परत आणला, लॅपटॉप मिटला आणि बाईंना जेवायला बाहेर जातोय असं सांगून निघाला.

भिंगरी सरावाच्या मैदानात सापडेल हे त्याला ठाऊक होतं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी नव्हती, पण तिने ती घेतली होती. मैदान कार्यालयापासून पायी वीस मिनिटांवर, उड्डाणपुलाखाली; सिमेंटचे चढ-उतार, भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने लिहिलेली नावं, आणि डोक्यावरून जाणाऱ्या गाड्यांची सततची घरघर. दुपारी तिथे ती एकटीच होती. सायकल आडवी टाकून पायरीवर बसून डबा खात होती. तिने काकाला न विचारता अर्धी पोळी पुढे केली आणि त्याने ती खाल्ली. लॅपटॉप उघडल्यावर ती तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिली. आधी स्वतःलाच बघितलं, जसं कुणीही बघतं. हेल्मेट वाकडं बसलंय म्हणाली. मग तिची नजर खाली कठड्यावर गेली आणि तिथे थांबली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उलट लपवलेलं काही आईला कपाटात सापडावं तसा तिचा चेहरा झाला.

“काका, हा रंगीतवाला नका छापू,” ती म्हणाली. “तुमचा नेहमीचा तो राखाडी असतो ना, तसा करा.”

तो म्हणाला, ओठांमुळे का. ती म्हणाली, ओठांचं जाऊ दे. मग डब्याचं झाकण लावत, काढत, पुन्हा लावत तिने तुकड्या तुकड्यांत सांगितलं. बाबा दर वेळी असंच करतात. ती चढ चढायला लागली की पाठ फिरवतात आणि चाकं टेकली की वळतात. त्यांना वाटतं तिला वर गेल्यावर काही दिसत नाही. खरं तर वरून सगळं स्वच्छ दिसतं. आधी आधी तिला रडू यायचं. बाकीच्या मुलांचे आईबाप ओरडतात, नाचतात, आणि आपला माणूस मैदानाबाहेरच्या रस्त्याकडे बघत उभा. नंतर तिला वाटायला लागलं की आज वळतील, आज बघतील, आणि म्हणून हवेत गेलं की तिची नजर आपोआप तिकडे जाते. प्रशिक्षक त्यावरून रागावतात. उडीची भीती वाटत नाही, ती म्हणाली, उडी येते मला. पण त्या क्षणाला छातीत असं रिकामं रिकामं होतं, की आपण पडलो तर यांना आवाजावरूनच कळणार. आणि घरी जाताना ते इतक्या हौसेने सांगतात, कशी गेलीस, कशी वळलीस. ती हो हो म्हणते. हे मासिकात आलं तर बाबांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बघणार. त्यांची चोरी पकडली जाईल, ती म्हणाली, आणि मग ते यायचेच बंद होतील.

त्याने तिला शब्द दिला नाही. बघतो, म्हणाला. मोठी माणसं हा शब्द कशासाठी वापरतात ते तिला माहीत असावं, कारण तिने फक्त मान हलवली आणि उरलेली भाजी बोटाने पुसून खाल्ली. पुलाखालून बाहेर पडताना त्याला वाटलं की आता सगळं सोपं झालंय. मुलीची इच्छा तीच आहे, बाईंची तीच आहे, मासिकाची पद्धत तीच आहे. भावाची लाज झाकली जाते, फोटो मुखपृष्ठावर जातो. रंग उतरवायला एवढी कारणं आयुष्यात कधी एकत्र आली नव्हती. आणि तरी पाय कार्यालयाकडे वळेनात. एकोणीस वर्षांपूर्वीही सगळ्यांचं भलं झालं होतं. धाकट्याचं नाव झालं, याला नोकरी लागली, आईने तो अंक शेजारीपाजारी दाखवला. त्या भलेपणाखाली दोघं भाऊ आजतागायत नीट बोलले नव्हते. म्हणजे बोलायचे. हवेबद्दल, आईच्या औषधांबद्दल, भिंगरीच्या मार्कांबद्दल, चाकांबद्दल. एकमेकांच्या घरी जेवायला जायचे. फक्त धाकटा त्याच्या कार्यालयात कधी आला नव्हता, एकदाही नाही, आणि यानेही कधी बोलावलं नव्हतं.

सायकल दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. धाकटा उंच स्टुलावर बसून, खुब्याला आधार म्हणून कमरेशी उशी घेऊन, एका चाकाची तार ताणत होता. चाक फिरवायचं, कुठे घासतं ते कान देऊन ऐकायचं, किल्लीने पाव फेरा आवळायचं, पुन्हा फिरवायचं. स्वेटर तोच होता. ये, म्हणाला, या वेळी कसा, आणि चहा सांगायला उठायला लागला. याने त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि पेचकसांचा डबा बाजूला सारून कामाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. वाटेत काय काय बोलायचं ते त्याने जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. नुसता फोटो दाखवला, रंगांसकट.

धाकट्याने हात फडक्याला पुसले आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. सोडून दिलेलं चाक शेजारी फिरत होतं, ते हळूहळू थांबलं.

“तिने पाहिला?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“राखाडी छापा म्हणाली.”

धाकट्याने मान खाली घातली. वडील गेले तेव्हाही त्याने एवढंच केलं होतं. मग त्याने चाक पुन्हा हातात घेतलं आणि तारांकडे बघत बोलायला लागला, कारण तोंडाकडे बघून बोलायची दोघांनाही सवय नव्हती. भिंगरी सात वर्षांची असताना, तो म्हणाला, फुटपाथच्या कडेवरून सायकलीसकट उडी मारत होती. वीतभर उंची. पण ती हवेत गेली आणि त्याच्या तोंडून हाक निघाली, सांभाळ की काय ते आता आठवतही नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. आणि पडली. गुडघा फुटला, चार टाके. लोक म्हणाले पोरं पडतातच. पण त्याला कळलं होतं की ती हाकेने पडली. बघितलं की हाक निघणार, ती जिभेवर येऊन बसलेलीच असते, काही केल्या गिळता येत नाही. म्हणून बघायचंच नाही. पाठ करायची आणि ऐकायचं. चाकाचा सगळा हिशेब आवाजात असतो. पुढचं आधी टेकलं की मागचं, सरळ टेकलं की तिरकं, सगळं कळतं. त्यामुळे तिला सांगतो ते खोटं नसतं, तो म्हणाला, फक्त बघितलेलं नसतं.

पुढचं वाक्य मधे उभं होतं. एकोणीस वर्षं ते दोघांच्या मधे असंच उभं होतं, जेवणाच्या ताटांमध्ये, आईच्या खाटेशी. थोरल्याला वाटलं आपण आत्ता लॅपटॉप मिटला तर ते पुन्हा खाली बसेल. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं.

“तुला ऐकू आली होती? माझी हाक?”

“मग मी वळलो कशाला असेन?” धाकटा म्हणाला. आवाज साधा होता, किल्ली कुठे ठेवली विचारावं इतका. “आईला मी चाक घसरलं म्हणून सांगितलं.”

“मी हाक मारायला नको होती.”

“नको होती,” धाकटा म्हणाला.

त्याने काही क्षमा वगैरे केली नाही, काही हरकत नाही असंही म्हणाला नाही. पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकल्यावर थोरला खुर्ची ओढून बसला. ही गोष्ट त्याला स्वतःलाही विचित्र वाटली, पण त्याला हलकं वाटत होतं. दाढ काढल्यानंतर जीभ त्या रिकाम्या जागेत पुन्हा पुन्हा जाते तसं त्याचं मन त्या दोन शब्दांकडे जात राहिलं. नको होती. मग त्याने कॅमेरा आधी खाली ठेवल्याचंही सांगून टाकलं. ते धाकट्याला माहीत नव्हतं. त्याने ते ऐकलं, विचार केला आणि म्हणाला की भिरकावला असतास तर मोडला असता; आणि दोघांना हसू आलं, फार नाही, नाकातून सुटलं तेवढंच.

मग चहा आला. धाकट्याने राखाडी कसा दिसतो ते बघायला मागितलं. थोरल्याने रंग उतरवून दाखवले. छान दिसतो, धाकटा म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. तुझा तो ‘उड्डाण’ही छानच आहे. दातांच्या डॉक्टरकडे जुन्या अंकात सापडला होता मला. त्यानंतर किती वर्षं पोरं दुकानात यायची, काका तुमच्यासारखं उडायला शिकवा म्हणून. आणि त्यांना सांगायचं कसं की बाबांनो, त्यात मी पडतोय. कुणाला पटलं नसतं. फोटोत माणूस इतका निवांत दिसतो. तो थांबला, चहाची बशी पुसली. याच्यातही ती तशीच निवांत दिसते, म्हणाला. उद्या तिच्याकडेही पोरी येतील, तुला भीती कशी वाटत नाही विचारायला. ती काय सांगणार आहे त्यांना? थोरल्याने विचारलं की मग काय करू. तुझं काम आहे ते, धाकटा म्हणाला, मी सांगितलं म्हणून छापू नकोस. पण मला झाकायचं म्हणून रंग काढणार असशील तर तेवढं मात्र करू नकोस. पुरे झालं. आणि छापायच्या आधी तिला मी सांगतो, माझ्या तोंडाने.

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून दोघे पुलाखाली पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. धाकट्याच्या चालीने जायचं तर वेळ लागतोच. भिंगरीने दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि ती सायकलवरून उतरली; काकाकडे तिने असं बघितलं की तो दोन पावलं मागेच राहिला. त्यामुळे बापलेकीचं सगळं बोलणं त्याला ऐकू आलं नाही, वरून गाड्या जात होत्या. धाकटा बोलत होता, ती हँडलच्या मुठीचं रबर नखाने खरवडत होती. मधेच ती म्हणाली, माहितीये मला. मग ती कधीतरी कोपराने डोळे पुसताना दिसली, आणि मग तिचा आवाज चढला, लहान मुलांचा तक्रार करताना चढतो तसा.

“पण माझे ओठ पांढरे दिसतात त्याच्यात.”

“दिसू देत,” धाकटा म्हणाला. “माझेही झाले होते. काकाला विचार.”

काकाने मान हलवली. मग तो पायरीवर बसला, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि कामाला लागला. ठरवायचं ते ठरलं होतं. आता हातांचं काम होतं आणि ते त्याला येत होतं. फलकांचा लाल खरोखरच डोळ्यांत जात होता, तो त्याने थोडा बसवला. कठड्याची निळी पट्टी किंचित खाली घेतली. माणसांना हात लावला नाही, पोपटी टोपीलाही नाही, विटकरी स्वेटरला नाही, मुलीच्या चेहऱ्याला नाही. चाराला दहा कमी असताना त्याने फोटो पाठवला. बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यांनी लिहिलं होतं की हे मुखपृष्ठावर जाणार नाही, तिथे जलतरणाचा घेते, हा आत आठव्या पानावर जाईल. पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर आधी सांगावं. खाली आणखी एक ओळ होती: तो पाठमोरा गृहस्थ कोण? त्याने लिहिलं, माझा भाऊ. मुलीचा बाप. त्यावर बाईंकडून एवढंच आलं की आठवं पान पूर्ण देते.

त्याला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मुखपृष्ठाची सवय एकदा लागली की ती अशी एका दुपारीत जात नाही. उद्यापासून प्रत्येक फोटोपुढे बसल्यावर आता हे नव्याने ठरवावं लागणार, कुणासाठी उतरवतोय आणि काय झाकतोय, आणि ते कंटाळवाणं असणार, हेही त्याला दिसत होतं. सगळेच रंग काही खरे नसतात आणि सगळंच राखाडी काही खोटं नसतं. त्याने कॅमेऱ्याची पिशवी पायरीवर सारली आणि उठून कठड्याशी धाकट्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. भिंगरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सायकल घेऊन गेली होती. बाप कठड्याकडे तोंड करून उभा होता. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता, मग एक हात सोडला आणि न बघता दादाचं मनगट धरलं, तारा ताणायच्या किल्लीवर बसते तशी घट्ट पकड. ओठ आत दुमडून दातांखाली घेतले होते.

ती निघाली. चढावर चाकांचा आवाज बदलला, मग आवाजच बंद झाला आणि ती वर होती. धाकट्याच्या छातीतून काहीतरी वर आलं, ते थोरल्याला मनगटातून कळलं. पण तोंडातून निघालं नाही. वरून तिने सवयीने खाली कठड्याकडे बघितलं. आणि तिथे पाठ नव्हती, चेहरा होता. तिची सायकल डगमगली. मागचं चाक तिरकं टेकलं, तिने एक पाय सिमेंटवर घासला, दोन-तीन वेड्यावाकड्या गिरक्या घेतल्या आणि कठड्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. बूट फाटला होता. ती धापा टाकत होती, आणि हसत होती.

“आधी सांगायचं ना बाबा, बघणार आहात ते,” ती म्हणाली. “मी दचकले केवढी.”

धाकट्याने दातांखालचे ओठ सोडले. त्यांवर वळ उमटले होते. दादाचं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

“जा,” तो म्हणाला. “पुन्हा घे. मी आहे इथेच.”

तिने सायकल वळवली.